पोरांचा सर्व्हर आणि आपली पेढी

व्यापारी बांधवांनो, या पानावर सूत, सायझिंग, जीएसटी आणि विजेचे दर यांवर नेहमी लिहिले जाते. आज मी मुलांच्या खेळाबद्दल लिहिणार आहे, तेव्हा काही जण हसतील. हरकत नाही. पण ज्यांच्या घरात बारा ते वीस वर्षांचा मुलगा आहे त्यांनी हे वाचावे अशी विनंती आहे. माझी तालीम उर्दू माध्यमात झाली, मराठी मी बाजारात शिकलो आणि संगणक मुलाकडून शिकतो आहे. लिहिण्यात कुठे चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

भिवंडीत आमची खाली पेढी आणि वर घर आहे. ग्रे कापडाचा धंदा. १० जुलै २०२४ ची संध्याकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरण्याची मुदत संपत होती. मेहताजी म्हणाले, "सेठ, मशीन आज चालतच नाही, एक बिल उघडायला पाच मिनिटे लागतात." मी वर जाऊन धाकट्याला विचारले. तेव्हा कळले की त्याने हिशेबाच्या त्याच संगणकावर माइनक्राफ्ट नावाच्या खेळाचा सर्व्हर बसवला होता. भिवंडीची चार पोरे, मालेगावचे दोन मावसभाऊ, चिपळूणचा एक आणि कुवेतला असलेला माझा पुतण्या असे आठ जण त्यात एकाच वेळी खेळत होते. बाहेरच्यांना आत येता यावे म्हणून त्याने एक फुकटचा प्रोग्रामही टाकला होता. म्हणजे ज्या पेटीत माझा गल्ला, त्याच पेटीला त्याने रस्त्याकडून दार पाडले होते.

मी काही न बोलता भिंतीवरचे बटण बंद केले.

पोरगा धावत खाली आला. तीन महिने आठ जणांनी मिळून त्या खेळात एक शहर बांधले होते. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा त्या शहराची फाइल उघडेना. मी विचारले, "नक्कल घेतली नव्हतीस का?" तो गप्प. मी म्हणालो, खेळच तर होता.

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हाच प्रश्न २०१९ मध्ये मला विचारला गेला होता. आमच्या संगणकाची हार्ड डिस्क ऐन सीझनमध्ये गेली आणि तिच्याबरोबर पूर्ण सीझनची उधारीही गेली. दुरुस्तीवाल्याने विचारले, "सेठ, बॅकअप नाही?" मीही असाच गप्प होतो. पुढे बऱ्याच पार्ट्यांनी स्वतः फोन करून आपली रक्कम सांगितली. दोघांनी सांगितली नाही. म्हणजे चूक त्याची आणि माझी एकच होती. फरक इतकाच की त्याचे शहर बुडाले ते माझ्या हाताने.

पुढे सव्वा वर्ष घरात या खेळाचे नाव निघाले नाही. मग मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला. आमचे जुने यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हते, म्हणून पेढीसाठी नवे घेतले. भंगारवाला जुन्याचे पंधराशे देत होता. धाकटा म्हणाला, "अब्बा, हे भंगारात देऊ नका. मला द्या. या वेळी तुमच्या हिशेबाला हात लावणार नाही." मी दिले, पण अटी घालून. गेल्या काही महिन्यांत त्याने काय केले ते पाहून माझे मत बदलले आहे, म्हणूनच हा लेख.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. खेळणारे आपापल्या घरी असतात, पण खेळाची खरी वही एकाच यंत्रावर असते. कोण कुठे उभा आहे, कुणी कुठली वीट लावली, सर्व नोंद तिथे. प्रत्येकाचे यंत्र या वहीला विचारते आणि त्याप्रमाणे पडद्यावर दाखवते. पब्जीसारख्या खेळात ही वही कंपनीकडे असते. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली आणि त्या ऑक्टोबरअखेर भारतातली सेवा थांबली, तेव्हा कोट्यवधी पोरांच्या हाती काही राहिले नाही. माइनक्राफ्टचे तसे नाही. तो स्वीडनच्या मोजांग कंपनीचा खेळ. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २५० कोटी डॉलरला घेतली. पण सर्व्हरचा प्रोग्राम कंपनी फुकट देते आणि तो आपल्या घरच्या यंत्रावर चालवता येतो. काउंटर-स्ट्राइक, टेरारिया, वॅलहाइम या खेळांचेही असे सर्व्हर घरी चालवता येतात. वही आपल्या घरात, म्हणून जबाबदारीही आपली.

धाकट्याने जुन्या यंत्रावरून विंडोज काढून लिनक्स बसवले. त्यालाही पैसे लागत नाहीत. आठ जीबी मेमरीपैकी चार जीबी खेळाला दिली. आठ पोरांना तेवढी पुरते. मी म्हणालो, या यंत्रापेक्षा जास्त कोअरचे यंत्र असते तर खेळ किती पळाला असता! त्यावर त्याने मला जे समजावले ते कुणाही मागवाल्याला चटकन कळेल. हा सर्व्हर सेकंदाला वीस ठोके मारतो. प्रत्येक ठोक्याला ५० मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात सगळ्या खेळाडूंची कामे उरकावी लागतात. ती उरकली नाहीत तर ठोका लांबतो आणि खेळ अडखळतो. चार कोअर म्हणजे चार माग खरे, पण या खेळाचे मुख्य काम एकाच मागावर चालते. म्हणून मागांची संख्या वाढवून उपयोग नाही, एक माग वेगवान पाहिजे. विकणारा मात्र तुम्हाला कोअरच मोजून दाखवतो.

आता खर्च. पोरांना वाटते वीज फुकट येते. मी प्लगला लावायचे वॉटमीटर आणले. यंत्र सरासरी ४५ वॉट घेत होते. चोवीस तास चालवले तर महिन्याला ३२ युनिटच्या वर. युनिट दहा रुपये धरला तर सव्वातीनशे रुपये. मी विचारले, पोरे शाळा-कॉलेजात असताना आणि रात्री झोपलेली असताना हे कोणासाठी चालते? आता तो संध्याकाळी चारला सुरू होतो आणि रात्री दहाला आपोआप बंद होतो. महिन्याला आठ युनिट, म्हणजे ऐंशी रुपये. शिवाय रात्री दोनपर्यंत जागण्याचे भांडण घरात उरले नाही. ज्या बापांना या खेळाची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, त्यांनी ओरडण्याऐवजी बंद होण्याची वेळ सर्व्हरमध्येच घालून घ्यावी. एका घराची वीज गेली तर एकच पोरगा उठतो, सर्व्हर दहाला बंद झाला तर आठही उठतात.

सर्व्हर भाड्यानेही मिळतो. महिन्याला काही शे रुपये द्यायचे आणि विजेची, बॅटरीची काळजी नाही. फक्त खेळायचेच असेल त्याने तोच घ्यावा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण भाड्याच्या मागावर कापड मिळते, माग दुरुस्त करायला शिकता येत नाही.

सर्वांत जास्त दिवस गेले ते बाहेरच्या पोरांना आत आणण्यात. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि त्या पत्त्यावर गाळा नंबर. माइनक्राफ्टचा गाळा २५५६५. पण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात आहेतच सुमारे ४३० कोटी आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. मोठ्या कंपाऊंडमध्ये पन्नास गोदामे असावीत आणि गेटवर पाटी एकच, तसे. तुमचा माल बाहेर जातो, पण बाहेरून आलेला टेंपो कोणत्या गोदामाचा हे वॉचमनला कळत नाही. आमच्या कंपनीला तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: राउटर बंद करून चालू करा. चौथ्या वेळी एकाने खरे सांगितले की स्वतंत्र पत्ता हवा तर वेगळे पैसे पडतील. ही गोष्ट कनेक्शन देतानाच सांगायला नको का? कापडात असे केले तर गिऱ्हाईक ताका परत आणून टाकेल.

शेवटी पोरांनी खासगी जाळ्याचा रस्ता धरला. टेलस्केल, झिरोटियर असे प्रोग्राम थोड्या यंत्रांपर्यंत फुकट मिळतात. आठही जणांनी तो आपापल्या यंत्रावर टाकला आणि त्या आठांपुरतीच एक बंद गल्ली तयार झाली. स्वतंत्र पत्ता नाही मिळाला हे एका अर्थी बरेच झाले, कारण रस्त्यावर उघडे दार ठेवावेच लागले नाही.

उघड्या दाराची भीती मी उगीच घालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामच्या तुकड्यात भोक सापडले. माइनक्राफ्टमध्येही तो तुकडा होता. खेळताना गप्पांच्या चौकटीत कुणी एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर परक्याचा हुकूम पाळू लागे. १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवले. त्या दिवसांत माझ्या हिशेबाच्या यंत्रावर असा सर्व्हर असता तर काय झाले असते याचा विचार करा. म्हणून माझी पहिली अट आजही कायम आहे: पेढीची वही आणि पोरांचा खेळ कधीही एका यंत्रावर नाही.

दुसरी हकीकत आपल्या दुकानातल्या कॅमेऱ्याशी संबंधित आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तीन तरुणांनी मिराई नावाचा प्रोग्राम बनवला. तो जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधून कारखान्यातून आलेला पासवर्ड लावून पाही आणि उघडले की ते यंत्र आपल्या फौजेत घेई. फौज कशासाठी? तर प्रतिस्पर्ध्यांचे माइनक्राफ्ट सर्व्हर पाडण्यासाठी, कारण त्या सर्व्हरांवर पैसे देणारी गिऱ्हाइके होती. त्यातल्या दोघांची अशा हल्ल्यांपासून संरक्षण देणारी कंपनीही होती, म्हणजे कुलूप तोडणारा आणि विकणारा एकच. पुढे त्यांनी तो प्रोग्राम उघड्यावर टाकला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तोच वापरून केलेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास मिळेनासे झाले. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांचा कबुलीजबाब समोर आला. हे मला धाकट्याने सांगितले आणि लगेच विचारले, "अब्बा, आपल्या डीव्हीआरचा पासवर्ड काय आहे?" बसवून गेला त्या दिवसापासून होता तोच होता. त्याने तो बदलला. तुमचा आज पाहून घ्या.

पैशाबद्दलही दोन शब्द. पोरे महिन्याला वीस-वीस रुपये जमवत होती, पण हिशेब कोणी ठेवत नव्हते. मी एक वही आणून दिली. एकशे साठ जमा, ऐंशी विजेला, ऐंशी यूपीएसच्या बॅटरीसाठी बाजूला. वही आठही जणांना दर महिन्याला दाखवायची. उद्या बाहेरच्यांकडून फी घ्यायची ठरवली तरी कंपनीचा २०१४ पासूनचा नियम आहे की सर्व्हरमध्ये येण्याचे पैसे घेता येतात, पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करणारी वस्तू विकता येत नाही. मला हा नियम आवडला. ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे असतात ते खेळ निराळे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्यांना बंदी केली आहे आणि असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड आहे. आपल्या लोकांसाठी तो जुगार कायद्याच्या आधीही जुगारच होता. मुलगा कोणता खेळ खेळतो हे न विचारता दोन्हींना एकच काठी लावू नये, एवढेच म्हणणे.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा वाईट वाटले. दोन पोरे चोरीची प्रत वापरत होती. त्यांना घ्यायचे तर सर्व्हरमधली ओळख तपासणी बंद करावी लागते, आणि ती बंद केली की कुणीही दुसऱ्याचे नाव लावून आत येऊ शकतो. मी धाकट्याला सांगितले, चोरीच्या मालावर आपली पाटी नाही लागणार. ती दोघे ईदीच्या पैशांची वाट पाहत थांबली, प्रत विकत घेतली आणि आत आली. बाकीच्यांनी तोपर्यंत त्यांच्यासाठी शहरात जागा राखून ठेवली होती.

अभ्यासाचे काय, असे विचारले जाईल. बारावीच्या वर्षात मीही परवानगी दिली नसती. पण आपली मुले मागावर बसायला तयार नाहीत आणि पेढीवर कंटाळतात, हे आपण रोज म्हणतो. वेळापत्रक, नक्कल, कुलूप, कुणाला आत घ्यायचे त्याची यादी, सामाईक पैशाचा हिशेब: उस्तादाने शागिर्दाला सांगावे ते सर्व या पोराने कुणी न सांगता शिकायला सुरुवात केली होती, आणि मी बटण बंद केले होते.

आता पेढीच्या हिशेबाची नक्कलही तोच घेतो, खेळाच्या यंत्रावर नाही तर दोन वेगळ्या डिस्कवर. एक डिस्क माझ्या भावाच्या घरी असते. नक्कल घेतली एवढ्यावर मी समाधान मानत नाही. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवायची असे ठरले आहे. पहिल्याच महिन्यात उघडली नाही. नक्कल घेताना हिशेबाचा प्रोग्राम चालू राहिला होता, म्हणून अर्धीच फाइल आली होती. आता मेहताजी रात्री प्रोग्राम बंद करूनच घरी जातात. गेल्या महिन्यात धाकट्याने आपल्या लॅपटॉपवर वही उघडली, मी खुर्ची ओढून बाजूला बसलो आणि आम्ही एकेक पार्टी तपासली. २०२० पासूनची उधारी पैशापैशाने जुळली. २०१९ चे पान मात्र अजून कागदावरच आहे, पेन्सिलने लिहिलेले, आणि त्यात दोन नावांपुढे रकमेची जागा कोरी आहे.