मुक्या बाजूचा तपास

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतील हौशी तरुण आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत न जाता कुरिअरने सुट्या भागांचे किट मागवतो आणि संगणकातील अंकरूप संगीताचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा कन्व्हर्टर, ज्याला या छंदातील मंडळी नुसते ‘डॅक’ म्हणतात, घरच्या टेबलावर स्वतः जुळवतो, ही गोष्ट मला अत्यंत आश्वासक वाटते. परंतु जुळवणी पुरी होऊन डावा स्पीकर गाऊ लागला आणि उजवा मात्र मौन धरून बसला, की पुढे बहुधा नवी आयसी मागवली जाते आणि तेवढ्याने भागले नाही तर अख्खा बोर्डच अडगळीत जातो. या सवयीस माझा विरोध आहे. एक चॅनेल मुके असलेला कन्व्हर्टर म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती आलेली दुर्मिळ संधी होय, आणि आपल्या परभणी जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ती हेतुपुरस्सर निर्माण करावी, असे माझे मत आहे.

संधी अशासाठी की, ज्या बिघाडात संपूर्ण यंत्रच निष्प्राण होते तेथे नवशिक्याला प्रमाण म्हणून धरावे असे काहीच उरत नाही. येथे मात्र त्याच बोर्डावर, त्याच मूल्यांच्या भागांनी घडलेली निरोगी बाजू शेजारीच हजर असते आणि प्रत्येक मोजमापाची तिच्याशी रुजुवात घालता येते. 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला 44,100 नमुने आणि प्रत्येक नमुन्यास 65,536 पायऱ्यांपैकी एक, असे मान रूढ केले. हे नमुने एका आयसीतून दुसरीत नेण्यासाठी फिलिप्स कंपनीने 1986 साली जी तीन तारांची पद्धत प्रसिद्ध केली, तीत डाव्या-उजव्या बाजूंचे अंक एकाच तारेवरून आळीपाळीने येतात, दुसरी तार स्पंदनांची गती राखते आणि चालू अंक कोणत्या बाजूचा, एवढे तिसरी सांगते. तेव्हा दोन्ही बाजूंचे रूपांतर एकाच आयसीत होत असून एक बाजू स्वच्छ वाजत असेल, तर वीजपुरवठा, स्पंदने आणि अंकांची तार यांच्यावरील संशय जवळजवळ फिटतो, आणि तपासाची हद्द आयसीच्या उजव्या बाजूच्या आउटपुट पिनेपासून मागच्या सॉकेटपर्यंतच्या लहानशा पट्टीवर येऊन ठेपते. मल्टिमीटरला हातही न लावता, केवळ विचाराने, बोर्डाचा मोठा भाग निर्दोष ठरवता येतो, याचा आनंद ज्याने एकदा घेतला तो पुढे आंधळेपणाने भाग बदलीत बसत नाही.

अर्थात त्याआधी ॲम्प्लिफायर बंद करून कन्व्हर्टरच्या मागच्या दोन्ही केबलींची अदलाबदल करावी. मौन दुसऱ्या स्पीकरकडे सरकले नाही, तर कन्व्हर्टर निरपराध आहे. सरकले, तर दोन्ही बाजूंना 100 हर्ट्झचा एकच स्थिर सूर द्यावा, कारण साधा मीटर याहून फार उंच सुरांवर भरवशाचा राहत नाही, आणि आयसीची पिन, रेझिस्टर, ऑप-ॲम्प (लहरी वाढवणारी छोटी आयसी), कपॅसिटर, सॉकेट या क्रमाने दोन्हीकडचे एसी व्होल्टेज मोजीत जावे. जेथे डावीकडे आकडा येतो आणि उजवीकडे शून्य, त्याच्या अलीकडेच दोष दडलेला असतो. धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे घेणाऱ्या ऑप-ॲम्पच्या आउटपुटवर शांत अवस्थेत डीसी शून्याच्या आसपास हवे. ते पुरवठ्याच्या टोकाला चिकटले असेल, तर आयसी गेली आहे किंवा फीडबॅकचा रेझिस्टर जोडलाच गेलेला नाही. पुष्कळदा निष्पन्न होतो तो निस्तेज, खरबरीत टाका, ज्यास आपले मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थोडे फ्लक्स लावून तो पुन्हा वितळवला की काम होते.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. परभणी आकाशवाणीचे कार्यक्रम मध्यम लहरींवर घरोघर ऐकले जात, त्या काळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर स्पीकरकडून उलट दिशेने निघून, आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकास स्क्रूड्रायव्हर लावून घुमणारा आवाज ऐके आणि दोष पुढे की मागे, याचा निर्णय करी. त्या कारागिरांची आठवण माझ्या पाहण्यातील कोणत्याही दप्तरात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापून हाताने काम करता करता शिकण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या शिक्षणाची गरज येथेही आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानव यांच्या शेतीतील उपयोगावर काम झाले आहे; ती उपकरणे उद्या पालम-सोनपेठच्या शिवारात बंद पडतील, तेव्हा त्यांचा तपास करणारे हात तेथेच असावयास हवेत. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते योग्यच झाले. परंतु हक्क बजावण्यास लागणारे ज्ञान हुकुमाने येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक उमेदवारास शिक्षकाने मुद्दाम एक बाजू मुकी केलेला बोर्ड आणि त्याचा आराखडा द्यावा, आणि गुण देताना उमेदवाराने कोठे काय मोजले व त्यावरून कोणता भाग संशयातून वगळला, याची लेखी कैफियत मुख्य धरावी. वेळ संपेपर्यंत बोर्ड बोलता झाला नाही, तरी कैफियत सुसंगत असल्यास त्यास उत्तीर्ण करावे.