‘वैदिक’ म्हणवल्या जाणाऱ्या कुंडलीतील यवन शब्द

१/ मंगळ सातव्या स्थानी आहे म्हणून मुलीचे स्थळ नाकारले जाते आणि आधार विचारला की उत्तर येते, ‘हे वेदांमध्ये सांगितले आहे.’ ज्योतिष खरे की खोटे, हा या धाग्याचा विषय नव्हे. आक्षेप त्या ‘वेदांमध्ये’ या शब्दाला आहे. कुंडलीची परिभाषा वैदिक नाही आणि याची साक्ष ती परिभाषा स्वतःच देते.

२/ आधी चार मूलभूत संज्ञा. राशी म्हणजे सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गाचे प्रत्येकी ३० अंशांचे १२ भाग. नक्षत्र म्हणजे त्याच मार्गाचे २७ भाग, प्रत्येकी १३ अंश २० कला. लग्न म्हणजे जन्मसमयी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी. भाव अथवा स्थान म्हणजे लग्नापासून मोजलेली १२ घरे.

३/ यांपैकी नक्षत्रे वैदिक आहेत, यात वाद नाही. तैत्तिरीय संहितेतील यादी कृत्तिकांपासून सुरू होते. अथर्ववेदात २८ नक्षत्रे येतात. अमुक नक्षत्र शुभ, तमुक अशुभ, हा विचारही तेथे आहे. परंतु मेषादी १२ राशी, १२ भाव आणि त्यांवर मांडलेली जन्मकुंडली संहितांमध्ये नाही.

४/ ‘मग वेदांग ज्योतिष?’ लगधाच्या नावावरील हा ग्रंथ यज्ञकाल ठरविण्यासाठी आहे. ५ वर्षांचे युग, तिथी, नक्षत्रे, अयने हा त्याचा विषय. त्याच्या ऋग्वेदीय आणि यजुर्वेदीय पाठांत ना मेष-वृषभ आहेत, ना सोमवार-मंगळवार, ना कोणा व्यक्तीचे भविष्य. ‘ज्योतिष हे वेदांग आहे’ हे विधान खरे. त्यावरून ‘कुंडली वैदिक आहे’ हा निष्कर्ष काढणे ही हातचलाखी.

५/ शिलालेख काय सांगतात? अशोकाच्या लेखांत तिष्य आणि पुनर्वसू ही नक्षत्रे आहेत, अष्टमी-चतुर्दशी आहेत, वार नाही. नाशिकच्या लेण्यातील वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा लेख पाहा. राज्यवर्ष १९, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा, अशी त्याची कालगणना. येथेही वार नाही. एवढा मोठा सातवाहन राजा, आणि त्याच्या कालनिर्देशाला गुरुवार-शुक्रवार ठाऊक नाहीत!

६/ वारांचा क्रम तरी कोठून आला? शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा ग्रहांचा मंदगतीकडून शीघ्रगतीकडे जाणारा क्रम. दिवसाच्या २४ होरा या क्रमाने एकेका ग्रहाला द्या. शनिवारची २५वी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीला मिळते. त्यापुढची २५वी चंद्राला. हा हिशेब केवळ २४ भागांच्या दिवसावर बसतो. आपला जुना दिवस मात्र ३० मुहूर्तांचा, ६० घटिकांचा होता.

७/ भारतीय कोरीव लेखांतील वाराच्या प्राचीनतम निःसंदिग्ध उल्लेखांपैकी एक मध्य प्रदेशातील एरण येथे आहे. बुधगुप्ताच्या काळातील हा लेख गुप्त संवत् १६५चा, म्हणजे इ.स. ४८४चा. दिवस गुरुवार.

८/ आता शब्दच उलगडू. कुंडलीतील १, ४, ७, १० ही ‘केंद्र’स्थाने : ग्रीक केन्त्रोन. इंग्रजीतील ‘सेंटर’ही त्याच घराण्यातील. २, ५, ८, ११ ‘पणफर’ : एपानाफोरा. ३, ६, ९, १२ ‘आपोक्लिम’ : आपोक्लिमा. राशीचा तिसरा हिस्सा ‘द्रेष्काण’ : देकानोस. ‘होरा’ : होरा, उच्चारासकट. ज्या नावाने ‘परीक्षा केंद्र’ ओळखले जाते ते यवनांचे देणे आहे, आणि त्याने मराठीचे काही बिघडले नाही.

९/ ज्याला सारे घाबरतात तो ‘केमद्रुम’ योग : केनोद्रोमिया, म्हणजे रिकामी वाटचाल. चंद्राच्या आगेमागे ग्रह नसणे. आणि विवाहाचे सातवे स्थान? त्याचे शास्त्रीय नाव ‘जामित्र’ : दियामेत्रोस, म्हणजे वर्तुळाचा व्यास, लग्नाच्या थेट समोरचे घर. ज्या घरातील मंगळामुळे स्थळे मोडतात, त्या घराचे नाव ग्रीक भूमितीतील आहे.

१०/ हे सारे युरोपीय विद्वानांचे कारस्थान आहे, असे म्हणणाऱ्यांनी वराहमिहिर उघडावा. सहाव्या शतकातील या आचार्याने बृहज्जातकात राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशी यावनी नावेही दिली आहेत. बृहत्संहितेत तो स्पष्ट म्हणतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात उत्तम प्रस्थापित आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजिले जातात. उज्जयिनीच्या परंपरेतील पंडिताला जे मान्य करताना कमीपणा वाटला नाही, ते आपण दडवावे?

११/ ‘होरा’ हा अहोरात्र शब्दातील आद्य व अंत्य अक्षरे गळून झाला, असा प्रतिवाद होतो. तो मूळ वराहमिहिराकडेच आहे. पण ‘काही जण असे मानतात’ या शब्दांत. शिवाय एका होरेची व्युत्पत्ती लावता येईल; पणफर, आपोक्लिम, जामित्र यांची कशी लावणार?

१२/ दुसऱ्या टोकालाही उत्तर हवे. ‘सगळे उसने, भारतीयांचे काहीच नाही’ हेही असत्य. नक्षत्रांवर आधारलेली १२० वर्षांची विंशोत्तरी दशा ग्रीकांकडे नाही. त्रिकोणमितीतील ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबीत गेली आणि लॅटिन भाषांतरातून ‘साइन’ होऊन जगभर पसरली. पुढे अरबी-फारसी वाटेने ताजिक पद्धती आली. १५८७च्या नीलकंठाच्या ग्रंथात इत्थशाल, इक्कवाल, सहम हे मूळ अरबी शब्द संस्कृत श्लोकांत सुखाने नांदतात.

१३/ परंपरेने स्वतः या शाखेला जातक म्हटले, होराशास्त्र म्हटले. तरीही २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘वैदिक ज्योतिषा’चे विभाग विद्यापीठांत काढण्याची योजना आणली. त्याविरुद्धची याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मात्र अभ्यासक्रमाला परवानगी मिळाल्याने इतिहास बदलत नाही.

१४/ आणि हे मराठीत तरी नवे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत सिद्ध केला, तोच वैदिक काळ, वेदांग काळ आणि सिद्धांत काळ असे टप्पे वेगळे पाडून. सव्वाशे वर्षांनंतर ते टप्पे पुन्हा एका गाठोड्यात बांधणे हा त्या परिश्रमांचा अवमान आहे.

१५/ ‘वैदिक’ ही मोहोर निरुपद्रवी नाही. ती लागली की घरातील तरुण मुलीला प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही. शंका हीच धर्मनिंदा ठरते. म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी पत्रिका पुढे ठेवून कोणी वेदांचा हवाला दिला, तर शांतपणे एवढेच विचारा : कोणती संहिता, कोणते सूक्त? आणि उत्तराची वाट पाहताना ‘जामित्र’ शब्दाचा अर्थही सांगून टाका.