फॅमिली डॉक्टरची वही

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो व विश्वस्त मंडळी,



यंदा बारावीच्या मुलांना ‘पुढे काय?’ असे विचारले. डॉक्टर होणार म्हणणारे पुष्कळ निघाले. कोणी हृदयाचे, कोणी मेंदूचे. फॅमिली डॉक्टर होईन, असे एकानेही म्हटले नाही. आमच्या लहानपणी इंदूरच्या आमच्या मोहल्ल्यात असे एक डॉक्टर होते. घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ असत.

संशोधन म्हणजे मोठ्या इस्पितळाचे काम, असा आपला समज आहे. तो मला अपुरा वाटतो. 1961 साली डॉ. कर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. 1000 प्रौढांपैकी महिन्याभरात सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणे होते, 250 डॉक्टरकडे जातात, 9 इस्पितळात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या इस्पितळात पोहोचतो फक्त 1. त्या एकाचाच अभ्यास केला, तर बाकीच्यांचे काय?

वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे फॅमिली डॉक्टर होते. तक्रार असो वा नसो, आपल्या रुग्णांचा रक्तदाब त्यांनी मोजला, लिहून ठेवला आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 25 वर्षांच्या या कामाचा लेखाजोखा 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेजारच्या गावापेक्षा येथे अकाली मृत्यू कमी असल्याचे दिसले. जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी, हा नियमही त्यांनीच 1971 मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती चिकाटी, नोंदवही आणि माणसांची ओळख.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, फॅमिली डॉक्टरांच्या संशोधनाला पैसा, प्रशिक्षण आणि मान मिळायला हवा. जगाचे आरोग्य सुधारायचे, तर सुरुवात गल्लीतल्या दवाखान्यातून व्हावी.

आता थोडे घरचे. आपल्या शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते, कार्डे भरली जातात आणि कपाटात बंद होतात. यात चूक माझीही आहे. विश्वस्तांना विनंती, की पालकांच्या संमतीने या नोंदी पहिलीपासून बारावीपर्यंत एकत्र ठेवाव्यात व वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्याव्यात. कोणाचे वजन खुंटले, कोणाचा चष्मा राहिला, हे वेळेवर कळेल.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी एक जण तरी मोहल्ल्यातला डॉक्टर व्हा. वही मात्र जपून ठेवा.

आपला,
प्राचार्य