ग्रहणाचा दोष आणि फळमाशीचा डोळा

बाळ डोळ्यांचे व्यंग घेऊन जन्मले की आपल्या बेळगाव-निपाणी भागात आजही आईलाच विचारले जाते : ग्रहणात भाजी चिरली होतीस का? हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी विचारावा, हे एक वेळ समजू शकते; परंतु दवाखान्यातही तो अनुत्तरित राहावा, हे मला खटकते. कारण त्याचे उत्तर पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीने केव्हाच दिले आहे.

या माशीच्या एका डोळ्यात सुमारे 800 नेत्रिका असतात आणि प्रत्येकीत 8 प्रकाशग्राही पेशी. कोणत्या पेशीने काय व्हावे, हे तिच्या कुळावरून नव्हे, तर शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या संदेशांवरून ठरते. ‘सेव्हनलेस’ जनुक बिघडले की सातवी प्रकाशग्राही पेशी घडतच नाही. तिच्या जागची पेशी भिंग घडविणाऱ्या पेशींत सामील होते. (जे नाहीसे होते, त्याचेच नाव जनुकाला द्यायचे, अशी या शास्त्रज्ञांची गमतीदार रीत आहे.) 1995 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग व सहकाऱ्यांनी ‘आयलेस’ हे जनुक माशीच्या पायांत व पंखांत कार्यान्वित केले, तेव्हा तेथे डोळे उगवले. उंदराचे समकक्ष जनुक वापरले, तरीही डोळा उगवला, आणि तो माशीचाच!

मानवातील हेच जनुक म्हणजे पॅक्स-6. त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की बाळाच्या डोळ्यात परितारिका जवळजवळ नसतेच, हाच अॅनिरिडिया. हा दोष मातेकडून वा पित्याकडून येतो, किंवा नव्यानेच उद्भवतो. विळीचा आणि ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. नव्याने उद्भवलेल्या काही बाळांत अकराव्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. त्याबरोबर शेजारचे डब्ल्यूटी-1 जनुकही गेले, तर मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरचा धोका वाढतो. अशा बाळाच्या पोटाची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी. ‘नशीब’ म्हणून घरी धाडलेल्या बाळाची ती कोण करणार?

नेत्रिकांना दिशाही असते. डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातील नेत्रिका खालच्या भागातील नेत्रिकांची आरशातील प्रतिमाच भासतात. ‘फ्रिझल्ड’ जनुक बिघडले की ही शिस्त विस्कटते. पेशींना दिशा देणाऱ्या याच जनुकसमूहातील मानवी जनुकांचे दोष मज्जानलिकेच्या व्यंगांच्या काही रुग्णांत आढळले आहेत. ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. तोवर कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी नाव नोंदविल्यावर नव्हे, मूल हवे असे ठरताच सुरू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हैसूर विद्यापीठात फळमाश्यांचे संग्रह-केंद्र आहे, पुण्याच्या आयसरमध्ये त्यांच्यावर संशोधन चालते. आपण या दोहोंच्या मधोमध राहतो. महागडी जनुकीय चाचणी प्रत्येकाला परवडणारी नाही, परंतु तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावयास केसपेपरची मागची बाजू पुरते. मामा-भाचीचे वा आते-मामे भावंडांचे लग्न असेल, तर तेही त्यात यावे. अॅनिरिडियासाठी नव्हे, पण अन्य अप्रभावी विकारांसाठी ते महत्त्वाचे आहे. आणि निदान सांगताना पतीला व सासूबाईंनाही आत बोलवावे, त्यांच्यासमोरच, स्वच्छ मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगावे की यात आईचा दोष नाही.