कळांच्या औषधाआधी नाळेतली धार

चाकण, म्हाळुंगे, कुरुळीतल्या भाड्याच्या खोलीतून पिंपरीच्या ‘वायसीएम’ रुग्णालयात पोचलेल्या गरोदर बाईच्या कागदांत पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी नसेल, तर डॉक्टरांची पंचाईत होते. तो कागद बीडला किंवा बिहारात राहिलेला असतो, नाहीतर तपासणीच झालेली नसते. नववा महिना, पोट लहान. बाळ खरंच खुरटलंय, की पाळीची तारीख चुकली? त्यात रक्तदाब वाढलेला असेल, तर वाट पाहण्याची सोय नाही. कळा सुरू करायचं ठरतं.

त्याआधी कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, व्हायलाच हवं.

कळ आली की गर्भाशय आवळतं आणि वारेला मिळणारं आईचं रक्त तेवढ्यापुरतं घटतं. धडधाकट बाळ ते सोसतं, दोन कळांमधल्या उसंतीत सावरतं. वार आधीच थकलेली असेल तर ही उसंत पुरत नाही. वारेची ताकद डॉपलरवर नाळेच्या धमनीत कळते. बाळाच्या दोन ठोक्यांच्या मधेही तिथे रक्त पुढे सरकत राहायला हवं. वारेतला अडथळा वाढला की ही धार बारीक होते, पुढे थांबते, आणि अखेर उलटी वाहते. थांबली किंवा उलटली, तर कळांच्या औषधापेक्षा सिझेरियन सुरक्षित मानलं जातं. नुसती बारीक असेल तर कळा सुरू करता येतात. मात्र बाळाच्या ठोक्यांचा आलेख सतत चालू ठेवावा लागतो. आणि बाळ लहान असूनही प्रवाह चांगला असेल, तर चुकलेल्या तारखेची शक्यता गांभीर्याने तपासता येते.

वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १९ चाचण्या आणि दहा हजारांवर महिला होत्या. जोखमीच्या गरोदरपणात डॉपलर वापरल्यावर बाळांच्या मृत्यूचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून १.२वर आलं; कृत्रिम कळा आणि सिझेरियनही घटले. जोखीम नसलेल्यांत सरसकट डॉपलर केल्याने असा लाभ दिसलेला नाही. तेव्हा प्रत्येकीला ते करायला लावून तिच्या नवऱ्याचा कंत्राटी पगार खर्ची घालणं चुकीचंच आहे. शिवाय प्रसूतीत ऐनवेळी नाळ दबली, तर आधीचं डॉपलर त्याची खबर देत नाही.

सोनोग्राफीचं यंत्र वस्तीवस्तीत फिरवण्यावर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची बंधनं आहेत. ती बंधनं राहायलाच हवीत. म्हणूनच सोय चाकणमध्येच हवी. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात डॉपलर करणारा तज्ज्ञ रात्री आणि रविवारीही मिळाला पाहिजे, कारण तळेगाव चौकातल्या कोंडीत रुग्णवाहिकेचाही वेळ जातो. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या महिला हेरल्या जातात. त्यांच्या डॉपलरची पुढची तारीख तिथेच लिहून द्यावी, आणि कळांचं औषध देणाऱ्याने आठवड्यापूर्वीच्या अहवालावर विसंबू नये.