मुका झालेला संगणक व आपलें कर्तव्य

कोणत्याही गोष्टीची खरी किंमत ती नाहींशी झाल्यावांचून कळत नाहीं. घरांतील संगणकाचा आवाज ही अशीच एक गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नेहमींचा आधार थांबविला, आणि जुन्या संगणकांवर विंडोज ११ किंवा लिनक्स नव्यानें घालण्याचा प्रसंग पुष्कळ घरीं आला. हें काम निर्विघ्न पार पडतें, पडद्यावर चित्र दिसतें, अक्षरें उमटतात. पण कधीं कधीं आवाज मात्र येत नाहीं. अशा वेळीं काय करावें, याविषयीं विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें दोन शब्द ठेवण्याचें योजिलें आहे.

आवाज गेला म्हणजे बहुधा तीन मार्ग पत्करले जातात. कोणी स्पीकर बिघडला असें समजून नवा विकत आणतो. कोणी पुन्हां एकदां सर्व पुसून विंडोज टाकतो. आणि कोणी ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणांत फुकट’ अशी जाहिरात पाहून कोठलें तरी अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घेतो. आमच्या मतें हे तिन्ही मार्ग म्हणजे ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ असा प्रकार होय. पहिल्यांत पैसा जातो, दुसऱ्यांत दिवस जातो, आणि तिसऱ्यांत तर चोरास स्वहस्तें किल्ली दिल्यासारखें होतें. कारण, ड्रायव्हरला सिस्टीमच्या अगदीं गाभ्यांत प्रवेश असतो, आणि कित्येक घरीं त्याच संगणकावर वडील मंडळींचे बँकेचे व्यवहार चालत असतात.

वस्तुतः अशा प्रसंगीं यंत्राचा अवयव क्वचितच बिघडलेला असतो. संगणकाच्या पोटांत आवाज हा केवळ आंकड्यांच्या रूपानें असतो. त्या आंकड्यांपासून विजेच्या लहरी निर्माण करण्याचें काम आवाजाची चिप करते. आणि त्या चिपशीं कसें बोलावें हें सिस्टीमला सांगणारा जो दुभाषी, त्यास ड्रायव्हर म्हणतात. जुनी सिस्टीम पुसली कीं तिच्याबरोबर हा दुभाषीहि पुसला जातो. इंटेल कंपनीनें २००४ सालीं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हा सर्वसामान्य नियम घालून दिल्यापासून बहुतेक चिप्सना नव्या सिस्टीमबरोबर आलेला साधा दुभाषी पुरतो. परंतु अलीकडील कित्येक लॅपटॉपांत ही चिप आवाजासाठीं असलेल्या एका स्वतंत्र प्रोसेसरच्या मार्फत जोडलेली असते. तेथें त्या प्रोसेसरचा ड्रायव्हर आधीं मिळाल्यावांचून पुढील चिपचा पत्ताच लागत नाहीं.

म्हणून शोध क्रमानें करावा. प्रथम आवाज बंद केलेला नाहीं ना, आणि टेबलावरील संगणक असल्यास स्पीकरची वायर हिरव्या छिद्रांत आहे ना, हें पाहावें. नंतर सेटिंगमध्यें आवाज कोणत्या वाटेनें बाहेर पाठविला जात आहे तें पाहावें. एचडीएमआय केबलनें जोडलेल्या मॉनिटरकडे तो जात असेल आणि मॉनिटरला स्पीकरच नसेल, तर वाट तेवढी बदलावयाची. तेंहि ठीक असल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. तेथें पिवळ्या खुणेचें एखादें अनोळखी उपकरण दिसलें, तर त्याचा ‘हार्डवेअर आयडी’ वाचावा. त्यांत ‘व्हेन’ या अक्षरांपुढें १०ईसी असेल तर वस्तु रियलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. मग संगणकाचें नेमकें मॉडेल पाहून, तो बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. लिनक्स घातली असल्यास ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हें पॅकेज राहून गेलें नाहीं ना, तें पाहावें. आणि ‘अल्सामिक्सर’मध्यें ‘एमएम’ अशी खूण दिसल्यास ‘एम’ ही कळ दाबून बंद आवाज मोकळा करावा. इतक्यानेंहि संशय न फिटल्यास पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरती चालवून पाहावी. तेथें आवाज आला, तर यंत्र निर्दोष आहे हें सिद्ध झालें.

कांहीं पालक म्हणतील, “मुलांनीं यंत्रास हात न लावलेला बरा, जाणत्या माणसाकडे न्यावें.” या म्हणण्यांत तथ्य आहे. यंत्राचें झांकण उघडणें हें कारागिराचें काम, आणि वरील सर्व परीक्षा करूनहि आवाज न आल्यास त्याच्याकडेच जावें. परंतु यंत्र स्वतः जें सांगत आहे तें वाचण्यांत कसला धोका? उलट, कोणत्या परीक्षा झाल्या याची चिठ्ठी घेऊन जो दुकानांत जातो, त्याचा वेळ वांचतो, आणि नको तो भाग बदलला जाण्याची भीतीहि कमी होते.

कोणी असेंहि म्हणेल कीं, चार दिवस गाणीं ऐकूं आलीं नाहींत म्हणून काय बिघडलें? त्यानें आपल्या अंध बंधुभगिनींचें स्मरण करावें. २००६ सालीं ज्याचें काम सुरू झालें, तें ‘एनव्हीडीए’ नांवाचें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितें, आणि त्याच्या आधारें अंध विद्यार्थी संगणकावर अभ्यास करतात. आपला आवाज गेला म्हणजे करमणूक गेली. त्यांचा आवाज गेला म्हणजे पडदाच काळा झाला. हरवलेला ड्रायव्हर शोधण्यासाठीं जो पडदा वाचावा लागतो, तोच त्यांस वाचतां येत नाहीं. अशा वेळीं वरील क्रम ठाऊक असलेला एखादा डोळस सोबती शेजारीं असेल, तर त्यांचा बुडणारा अभ्यास घटकाभरांत पुन्हां सुरू होईल. ही विद्या शिकण्यास याहून मोठें कारण कोणतें हवें?

शेवटीं एक सूचना. नवी सिस्टीम घालण्यापूर्वींच आवाजाचा व वाय-फायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. कारण वाय-फायचा दुभाषीहि पुसला गेला, तर दुसरा मिळविण्याची वाटच बंद होते. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या संगणकाचें मॉडेल व त्यांतील आवाजाच्या चिपचें नांव शोधून वहींत लिहून ठेवावें, आणि पालकांनीं त्यास त्या कामीं आडकाठी करूं नये, एवढीच विनंती आहे.