शेजारची क्रांति आणि परक्याचें राज्य

स्वदेशांतून परागंदा झालेला मनुष्य शेजारच्या राज्यांत आश्रयास आला म्हणजे तेथील सरकारपुढें मोठा नाजूक प्रश्न उभा राहतो. आश्रय द्यावा, तर शेजारी रुष्ट होतो. हांकून द्यावें, तर न्यायबुद्धीस बाध येतो. त्यांतून तें सरकार स्वतःच परदेशीय असलें, तर पाहुण्याचा मंत्र आपल्या प्रजेच्या कानीं पडेल कीं काय, हीहि धास्ती त्यास असते. चीनमधील राज्यक्रांतीच्या काळांत हांगकांग व मलाया येथील ब्रिटिश सरकारें अशाच पेंचांत सांपडलीं होतीं. त्यांचें वर्तन पाहतां आमचें असें मत झालें आहे कीं, पक्षावर बंदी घातल्यानें राज्य सुरक्षित होत नाहीं.

चिनी क्रांतीचे अध्वर्यु डॉ. सन यत्-सेन यांचें चरित्र मिशन शाळेच्या विद्यार्थ्यांस तरी जवळचें वाटावें. १८८४ सालीं हांगकांगमध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व १८९२ सालीं तेथील वैद्यकविद्यालयाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. १८९५ सालीं कँटन येथील त्यांचा उठाव फसतांच हांगकांग सरकारनें पुढल्या वर्षीं त्यांस पांच वर्षें हद्दपार केलें. १९०६ सालीं त्यांच्या 'तुंगमेंगहुई' संस्थेची शाखा सिंगापुरांत निघाली. १९१० च्या नोव्हेंबरांत पेनांग येथें नव्या उठावाचा बेत ठरला आणि लवकरच तेथूनहि त्यांस निघावें लागलें. क्रांति मात्र थांबली नाहीं. १० ऑक्टोबर १९११ रोजीं वूचांग येथें उठाव झाला व १९१२ च्या फेब्रुवारींत मांचू बादशाही संपली. पुढें १९२३ सालीं हांगकांगच्या विश्वविद्यालयांत डॉक्टरांनीं सांगितलें कीं, क्रांतीचे विचार आपणांस याच नगरींतील सुव्यवस्था पाहून सुचले. ज्या नगरीनें डोळे उघडले, तिनेंच दार लावलें होतें!

सरकारची बाजू अगदींच पोकळ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. शेजाऱ्याच्या भांडणाचीं शस्त्रें आपल्या अंगणांत परजलेलीं कोणास रुचतील? गुप्त मंडळ्यांच्या दंग्यांनीं त्रस्त होऊन सिंगापूर सरकारनें १८८९ सालीं संस्थांच्या नोंदणीचा कायदा केला, तो अकारण नव्हता. दंगा व बळजबरीची वर्गणी यांचा बंदोबस्त करणें हें सरकारचें कर्तव्यच होय.

परंतु कृतीचा बंदोबस्त सोडून नांवाचाच बंदोबस्त आरंभिला, तेथें चूक झाली. क्वोमिंतांग पक्षाची सिंगापूर शाखा १९१२ च्या अखेरीस रीतसर नोंदली गेली होती. सरकारास ती उघड दिसत होती. १९२५ सालीं पक्षावर बंदी आली आणि १९३० सालीं गव्हर्नर सर सेसिल क्लेमेंटी यांनीं ती अधिकच आवळली. त्या वेळीं नानकिंग येथें त्याच पक्षाचें सरकार राज्य करीत होतें व ब्रिटननें त्यास मान्यताहि दिली होती! अखेर १९३१ सालीं तडजोड निघाली कीं, व्यक्तीनें सभासद असावें, परंतु शाखा काढूं नये. दरम्यान १९३० सालींच मलायाचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला होता; त्यानें नोंदवहीची वाट पाहिली नाहीं. जें उघड्यावर होतें तें अंधारांत गेलें, आणि जें अंधारांतच जन्मलें त्यास बंदीची तमा नव्हती.

डिसेंबर १९४१ मध्यें जपानी सैन्य मलायांत उतरलें, तेव्हां त्याच सरकारनें चिनी पुढारी तान काह-की यांस साहाय्याची विनंति केली. राजबंदी मोकळे झाले. क्वोमिंतांगवाले व कम्युनिस्ट एकत्र आले. चिनी स्वयंसेवक लढलेहि. परंतु तयारीस अवधि उरला नव्हता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. ज्यांस वर्षानुवर्षें संशयानें वागविलें, त्यांचा हात दोन महिन्यांत कितीसा बळकट होणार?

यास्तव आमचें म्हणणें इतकेंच कीं, आश्रितानें यजमानाची शांति राखावी आणि यजमानानें आश्रिताच्या कृतीचा न्याय करावा. मताचा करूं नये. आज आमच्याहि देशाच्या शेजारीं उलथापालथ होते व परागंदा माणसें आश्रयास येतात. आतां यजमान आम्ही आहों. परकीय सत्तेचे दोष मोजणें सोपें आहे. तेच दोष आपल्या हातून न होतील, इकडे उद्यांच्या नागरिकांनीं लक्ष पुरवावें.